हिवाळा, कोरडी त्वचा आणि घरी केलेले लोशन



दिवाळी स्मरणिकेसाठी "आरोग्यावर काहीतरी लिहा, पण घाबरवणारे नको" अशी प्रेमळ अट घालून संपादक मंडळाने याही वर्षी माझ्याकडे लेख मागितला. मधुमेह झाला, रक्तदाब झाला, गुडघे झाले. या वेळचा विषय मला मंदिराच्या स्वयंपाकघरात मिळाला. चिवडा भरायला जमलेल्या आम्हा दहाजणींपैकी सात-आठ जणींचे हात ऑक्टोबरातच खरखरीत झाले होते. तेवढ्यात एकीने विचारले, "डॉक्टर, घरी करता येईल असं एखादं नैसर्गिक लोशन सांगा ना. बाजारच्यात काय काय घालतात देव जाणे!" विषय साधा वाटतो. मलाही २०१४ सालच्या हिवाळ्यापर्यंत तसाच वाटत होता.

त्या वर्षी माझी आई दिवाळीला मिरजेहून आमच्याकडे मिनेसोटात आली. वय ७४, मधुमेह पंधरा वर्षांचा, पण गोळ्यांनी व्यवस्थित आटोक्यात. डिसेंबर उजाडला तशी ती म्हणायला लागली, "अगं, पायांना फार खाज सुटते. रात्री झोप लागत नाही." मी कामावरून आलेली, बूट काढता काढता म्हटले, "आई, इथे सगळ्यांचंच कोरडं होतं. बाथरूममध्ये लोशनची बाटली आहे, ती लाव." तिने लावले. आणखी दोनदा तिने विषय काढला आणि दोनदा मी तेच उत्तर दिले. नंतर तिने काढलाच नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिला थंडी वाजून ताप भरला, तेव्हा मी पहिल्यांदा तिचा पायमोजा खाली केला. नडगीवरची कातडी उन्हाळ्यात तळ्यातली माती तडकते तशी तडकलेली, त्यावर नखांचे ओरखडे, आणि घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत पाय लालभडक, गरम, सुजलेला. सेल्युलायटिस, म्हणजे कातडीखालच्या थरात पसरलेला जंतुसंसर्ग. तीन दिवस हॉस्पिटल आणि शिरेतून अँटिबायोटिक. व्हिजिटर इन्शुरन्सचे डिडक्टिबल ज्यांनी कधी भरले आहे त्यांना पुढचे सांगायला नको! पण पैशाचे सोडा. तिथल्या तरुण रेसिडेंटने विचारले, "ही खाज कधीपासून आहे?" आणि मी, डॉक्टर, त्याच घरात राहणारी, उत्तर देऊ शकले नाही. आईच म्हणाली, "ती दमून येते हो." मराठीत म्हणाली, म्हणून त्याला कळले नाही.

आई बरी झाली. मी मात्र तेव्हापासून त्वचेच्या कोरडेपणाकडे 'किरकोळ तक्रार' म्हणून पाहणे सोडले, आणि पुढच्या दोन हिवाळ्यांत स्वयंपाकघरात बरेच उपद्व्यापही केले. त्यातले जमलेले आणि फसलेले, दोन्ही इथे सांगते.

हवा इतकी कोरडी का?

मिरजेलाही थंडीत ओठ फुटायचे आणि गालांवर पांढरे चट्टे यायचे. पण इथला कोरडेपणा वेगळ्या जातीचा आहे. थोडे गणित करू. थंड हवेत पाण्याची वाफ फारच कमी मावते. बाहेर उणे १५ सेल्सिअस, म्हणजे ५ फॅरनहाइट असताना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त दीड ग्रॅमच्या आसपास बाष्प राहते. तीच हवा आपण घरात घेऊन २१ सेल्सिअस, म्हणजे ७० फॅरनहाइटपर्यंत तापवतो. त्या तापमानाला हवेत सुमारे १८ ग्रॅम बाष्प मावू शकते, पण आहे तेवढे दीडच ग्रॅम! म्हणजे आर्द्रता झाली आठ-नऊ टक्के. आपला स्वयंपाक, अंघोळी आणि श्वास यांनी ती थोडी वर जाते, एवढेच. अशी तहानलेली हवा मिळेल तिथून पाणी ओढून घेते. लाकडी जमिनीच्या फटी रुंदावतात, देव्हाऱ्यातली फुले दुपारपर्यंत कोमेजतात, आणि आपली त्वचाही त्याच हिशेबात येते.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत, चपट्या पेशींचा असतो. पंधरा-वीस पेशी एकावर एक, सगळे मिळून जाडी कागदापेक्षाही कमी. वैद्यकशास्त्रात याला विटा आणि चुन्याच्या भिंतीची उपमा देतात. पेशी या विटा, आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे स्निग्ध पदार्थ: सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड. हो, तेच कोलेस्टेरॉल ज्याच्यावरून मी तुम्हाला दवाखान्यात रागावते. इथे ते हवेच! विटांच्या आतही पाणी धरून ठेवणारे पदार्थ असतात, आणि त्यातले बरेचसे फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनापासून तयार होतात. हे प्रथिन बनवणारे जनुक काही लोकांत जन्मतःच सदोष असते आणि त्यांना एक्झिमा होण्याची शक्यता वाढते, हे २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी येथील संशोधकांनी दाखवले. त्यामुळे "आमच्या मुलाची त्वचा अशी का? आमचं काही चुकलं का?" असे विचारणाऱ्या आयांना मी आधी हेच सांगते की चुकले काही नाही.

वय वाढते तसा हा चुना कमी बनतो आणि तेलग्रंथीही मंदावतात. जुन्या मधुमेहात पायांच्या नसा बिघडतात, पायाला घाम येत नाही आणि टाचा उलतात. वर पुन्हा आपण काय करतो? थंडी म्हणून वीस मिनिटे कढत पाण्याखाली उभे राहतो आणि साबणाने अंग खसाखसा घासतो. त्वचेचा सामू आम्लधर्मी, पाचच्या आसपास असतो. पारंपरिक साबणाचा नऊ-दहा. म्हणजे भिंतीतला उरलासुरला चुना आपणच धुऊन काढतो. माझ्या आईचे वय, मधुमेह, गरम पाण्याची आवड आणि मिनेसोटाचा डिसेंबर, चारही गोष्टी एकत्र आल्या होत्या. त्यात मी तिला दिलेल्या लोशनमध्ये लव्हेंडरचा सुगंध. तडकलेल्या त्वचेवर सुगंधी द्रव्ये चुरचुरतात आणि काहींना त्यांची ॲलर्जीही होते. तिची खाज त्याने वाढलीच असणार.

लोशन नेमके काय करते?

बाजारातली महागातली महाग बाटली घ्या किंवा आजीची वाटी घ्या, त्यात तीनच प्रकारची कामे करणारे पदार्थ असतात. पहिला प्रकार पाणी धरून ठेवणारा: ग्लिसरीन, मध, युरिया. दुसरा प्रकार खरखरीत पेशींमधल्या फटी भरून त्वचा मऊ करणारा, म्हणजे तेले. तिसरा वरून झाकण घालणारा, म्हणजे मेण आणि व्हॅसलीन. आपल्याकडे थंडीत ग्लिसरीन आणि गुलाबपाणी मिसळून बाटली भरून ठेवायचे, आठवते? सांगली-मिरजेच्या हवेत ते छान चालायचे. इथल्या कोरड्या घरात नुसते ग्लिसरीन लावले आणि वर झाकण नसले तर त्याला हवेतून ओढायला पाणीच मिळत नाही. मग ते त्वचेच्या आतल्या थरातले पाणी वर ओढते आणि हवा ते पळवते. म्हणून ग्लिसरीनवर तेलाचा किंवा मेणाचा थर हवाच.

झाकणाच्या कामात व्हॅसलीनचा हात धरणारे काही नाही. "पण ते नैसर्गिक कुठे आहे? पेट्रोलियमपासून बनतं ना!" हे वाक्य मी महिन्यातून एकदा तरी ऐकते. बनते खरे. १८७२ साली त्याचे अमेरिकन पेटंट निघाले, आणि दीडशे वर्षांच्या वापरात शुद्ध केलेल्या व्हॅसलीनची ॲलर्जी अगदी क्वचित आढळली आहे. उलट 'नॅचरल' या शब्दाची सौंदर्यप्रसाधनांसाठी इथल्या एफडीएने व्याख्याच केलेली नाही; कोणीही बाटलीवर छापावे. पॉयझन आयव्हीसुद्धा नैसर्गिकच आहे! त्यावरून आठवले. गावाकडे उललेल्या टाचांत बिब्बा तापवून त्याचे तेल सोडायची पद्धत होती. बिब्बा आणि पॉयझन आयव्ही एकाच कुळातले. इथे बागकाम करताना ज्यांना एकदा पॉयझन आयव्हीचा प्रसाद मिळाला आहे, त्यांनी टाचेत बिब्बा घातला तर तो खरोखरच बिब्बा घातल्यासारखे होईल. तेव्हा तो नको.

माझी फजिती

आता माझा पहिला प्रयोग. २०१५ च्या डिसेंबरात मी कोरफडीचा गर, गुलाबपाणी, बदामाचे तेल आणि थोडे मधमाशांचे मेण मिक्सरमधून फिरवून सुंदर, पांढरेशुभ्र लोशन केले. इतके सुंदर की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याच्या छोट्या बाटल्या वाण म्हणून लुटल्या. बावीस बाटल्या! बाराव्या दिवशी एका मैत्रिणीचा फोन आला, "अगं, तुझ्या वाणावर काळे ठिपके आलेत. ते तीळ आहेत का?" तीळ नव्हते, बुरशी होती. त्या संध्याकाळी मी बावीस घरी फोन करून "लावू नका, फेकून द्या" असे सांगितले. मिरजेच्या मेडिकल कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकलेल्या बाईला याहून मोठी शिक्षा नाही.

चूक कोठे झाली? जिथे पाणी, तिथे जंतू. तेलात किंवा मेणात जंतू वाढत नाहीत, कारण त्यांना पाणी लागते. लोशन म्हणजे पाणी आणि तेल यांचे मिश्रण. त्यात कोरफड, मध, दूध, साय असे काही घातले की जंतूंचे पंगतीचे ताटच वाढले. बुरशी निदान डोळ्यांना दिसते. स्यूडोमोनाससारखे जंतू दुधाळ लोशनमध्ये लाखोंनी असले तरी रंग, वास, काहीही बदलत नाही. धडधाकट त्वचेवर कदाचित निभावेल, पण माझ्या आईच्या तडकलेल्या नडगीवर ते लावले असते तर? या विचाराने मी अजून दचकते.

लोक सांगतात, "व्हिटॅमिन ई घाला, टिकतं." व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून वाचवते, जंतूंना मारत नाही. हळद, कडुनिंब, तुळस यांचे थोडे गुण असतीलही, पण महिनाभर बाटली निर्जंतुक ठेवण्याइतके नाहीत. ग्रेपफ्रूटच्या बियांच्या अर्काचाही फार बोलबाला आहे. बाजारातले काही नमुने तपासले तेव्हा त्यांची जंतुनाशक शक्ती त्यात मिसळलेल्या कृत्रिम रसायनांचीच निघाली.

म्हणून माझा सल्ला असा की पहिल्यांदा करताना बिनपाण्याचे मलम करा. पाणी बाटलीत घालायचे नाही, त्वचेवर ठेवायचे. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मलम लावले की लोशनचे काम झाले.

कोकमतेलाचे मलम

या मलमाचा प्राण आहे कोकमतेल. कोकणातल्या वाचकांना हे सांगणे म्हणजे कोकणात नारळ नेण्यासारखे आहे, पण घाटावरच्या पोरांना ठाऊक नसेल. आमसुले करताना उरलेल्या कोकमाच्या बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळतात. वर तरंगणारी चरबी थिजली की तिचे मुठीत वळून गोळे करतात. थंडीत टाचांच्या भेगांत तो गोळा तापवून भरायचा ही जुनी रीत. हे तेल घरातल्या तापमानाला कडक राहते आणि ३८ ते ४० सेल्सिअसच्या आसपास वितळते, त्यामुळे त्वचेवर चोळले की मऊ होते पण ओघळत नाही. इथे साबण-मेणबत्तीचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत ते 'कोकम बटर' नावाने मिळते. गावाहून गोळा आणलात तर त्याला थोडा धुराचा वास असतो. मला तो आवडतो. माझ्या मुलीला नाही.

दुसरा घटक सूर्यफुलाचे तेल. ऑलिव्ह तेल इथे सगळे मोठ्या विश्वासाने लावतात, पण इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऑलिव्ह तेलाने वरच्या थराची भिंत कमकुवत होते, तर सूर्यफुलाच्या तेलाने होत नाही, असे दिसले. याआधी उंदरांवरच्या प्रयोगांत मोहरीचे तेलही असेच नापास झाले होते. आणि बांगलादेशात ढाक्याच्या रुग्णालयात दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचे तेल चोळल्यावर त्यांच्यातला जंतुसंसर्ग लक्षणीय कमी झाला, हे २००५ साली प्रसिद्ध झाले. कारण या तेलातले लिनोलेइक ॲसिड. त्वचा आपला चुना त्यापासून बनवते.

पण इथे एक गोम आहे. अमेरिकेतल्या दुकानात मिळणारे सूर्यफुलाचे बरेचसे तेल 'हाय ओलेइक' जातीचे असते. ते तळणाला उत्तम, पण गुणाने ऑलिव्ह तेलाच्या जवळचे. बाटलीच्या मागचा तक्ता वाचा: पॉलिअनसॅच्युरेटेडचा आकडा मोनोअनसॅच्युरेटेडपेक्षा मोठा असेल तीच बाटली घ्या. हे तेल लवकर खवट होते, म्हणून त्यात व्हिटॅमिन ईची एक कॅप्सूल टोचून पिळायची.

प्रमाण, १०० ग्रॅम मलमासाठी: सूर्यफुलाचे तेल ७० ग्रॅम, कोकमतेल १८ ग्रॅम, मधमाशांचे मेण १२ ग्रॅम. वाटी-चमच्याने मोजू नका, ग्रॅमचा छोटा डिजिटल काटा घ्या. पातेल्यात पाणी मंद उकळत ठेवून त्यावर कोरडे स्टीलचे भांडे बसवायचे. मेण ६२ ते ६४ सेल्सिअसला वितळते, म्हणून आधी मेण आणि कोकम, ते पातळ झाले की तेल. पाण्याचा एकही थेंब आत जाऊ द्यायचा नाही, लोणच्याच्या बरणीला पाळतो तेवढे सोवळे पाळायचे. आच बंद करून व्हिटॅमिन ई घालायचे आणि धुऊन पूर्ण वाळवलेल्या काचेच्या रुंद तोंडाच्या डब्यांत ओतायचे. फ्रिजमध्ये पटकन थंड केले तर कोकमाचे रवाळ कण कमी पडतात. फार कडक झाले तर पुन्हा वितळवून थोडे तेल वाढवा. बिघडत काही नाही. अंधाऱ्या कपाटात तीन महिने राहते. बोटे ओली असतील तर आत घालू नका. खवट वास आला की निरोप द्या.

ज्यांना लोशनच हवे

मलम चिकट वाटते, ऑफिसला जाताना नको, ही तक्रार रास्त आहे. मग खरे लोशन करायचे, पण नियमाने. तेल आणि पाणी यांचे लग्न लावायला मध्यस्थ लागतो. साध्या मेणाला ते नीट जमत नाही. दुसऱ्या शतकातला रोमन वैद्य गॅलेन याने मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी घोटून जे कोल्ड क्रीम केले म्हणतात, त्यातले पाणी सहज सुटून यायचे. पुढे त्यात बोरॅक्स घालू लागले. अनेक जुन्या कृतींत अजून ते सापडते, पण बोरॅक्स शरीरात शोषले गेले तर अपायकारक आहे, आणि लहान मुलांच्या किंवा फुटलेल्या त्वचेवर तर ते मुळीच नको. आज 'इमल्सिफाइंग वॅक्स एनएफ' नावाचे पांढरे दाणे मिळतात, ते घ्या.

२०० ग्रॅम लोशनचे माझे प्रमाण असे. एका भांड्यात डिस्टिल्ड पाणी १४८ ग्रॅम आणि ग्लिसरीन १० ग्रॅम. दुसऱ्यात सूर्यफुलाचे तेल २४ ग्रॅम, कोकमतेल ६ ग्रॅम आणि इमल्सिफाइंग वॅक्स १० ग्रॅम. दोन्ही भांडी उकळत्या पाण्यात ठेवून ७५ सेल्सिअस, म्हणजे १६७ फॅरनहाइटपर्यंत नेऊन तिथेच वीस मिनिटे धरायची. जेवढे पाणी वाफेने उडाले तेवढे गरम पाणी वजन करून परत घालायचे. मग तेल पाण्यात ओतून हँड ब्लेंडरने दोन मिनिटे घुसळायचे, थांबायचे, पुन्हा घुसळायचे. दुधासारखे दिसणारे मिश्रण गार होता होता दाट होते. ४० सेल्सिअसच्या खाली आले की फिनॉक्सीएथॅनॉल असलेले परिरक्षक २ ग्रॅम, म्हणजे एक टक्का. बाटलीवर छापलेली मर्यादा याहून कमी असेल तर ती पाळा आणि जास्त कधीच घालू नका. सगळी उपकरणे आधी उकळून किंवा ७० टक्के अल्कोहोलने पुसून घ्या. लोशन बरणीत न ठेवता पंपाच्या बाटलीत भरा, म्हणजे बोटे आत जात नाहीत. मी दोन महिन्यांत संपवते.

परिरक्षक नकोच, असा ज्यांचा आग्रह आहे त्यांनी मलमाकडे परत जावे. मधला मार्ग मी सांगणार नाही.

आईचे शंभर वेळा धुतलेले तूप

२०१६ साली आई पुन्हा आली तेव्हा मलमावर तिची प्रतिक्रिया होती, "बरं आहे. पण शतधौत घृत माहीत आहे का तुला?" आयुर्वेदात दाह शमवायला सांगितलेले हे औषध. तूप पाण्याने शंभर वेळा धुवायचे. आम्ही ५० ग्रॅम घरचे तूप परातीत घेतले, तेवढेच गार पाणी घालून मिनिटभर तळव्याने फेसले, पाणी ओतून दिले, पुन्हा नवे पाणी. शास्त्रात तांब्याचे भांडे सांगतात. मी स्टील घेतले, कारण तांब्याने स्निग्ध पदार्थ लवकर खवट होतात. मोजायला आईने जपमाळ घेतली, म्हणजे १०८ मणी. "आठ वेळा जास्त धुतलं तर काही पाप नाही लागत," ती म्हणाली. दुपार गेली. तुपाचा रवाळपणा आणि वास गेला आणि परातीत लोण्याहून मऊ, पांढरे क्रीम राहिले. शास्त्रीय भाषेत बोलायचे तर तुपाने पाणी आपल्या पोटात सामावून घेतले, कोणत्याही मध्यस्थाशिवाय. त्या परातीसमोर माझ्या सगळ्या थर्मामीटर-काट्यांची मला जरा लाज वाटली.

आता डॉक्टर म्हणून दोन शब्द. यात पाणी आहे, म्हणून ते फ्रिजमध्ये ठेवा, चमच्याने काढा आणि दोन आठवड्यांत संपवा. दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळाला लावू नका. आणि भाजल्यावर तूप, लोणी, यातले काहीही नको! दिवाळीत कुणाचा हात पोळला तर वीस मिनिटे नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरायचा, बर्फही नको. कोरड्या पायांना मात्र शतधौत घृत छान लागते. व्हॅसलीनपेक्षा सरस आहे असे मी म्हणणार नाही, पण त्या हिवाळ्यात आईच्या पायांना रोज रात्री ते मी स्वतः लावत होते.

बाळांसाठी वेगळे सांगायला हवे

आपल्याकडे बाळाला तेल लावून हरभऱ्याच्या पिठाने आणि सायीने अंघोळ घालतात. निरोगी त्वचेच्या बाळाला एखाद्या वेळी चालेल. पण एक्झिमा असलेल्या बाळाच्या फुटलेल्या त्वचेवर खाण्याचे पदार्थ चोळू नका: बदाम, शेंगदाणा, तीळ, दूध, डाळीची पिठे, काहीच नाही. इंग्लंडमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेंगदाणा तेल असलेली क्रीम्स आणि पुढे होणारी शेंगदाण्याची ॲलर्जी यांचा संबंध दिसला. उलट २०१५ च्या लंडनच्या प्रसिद्ध चाचणीत जोखमीच्या बाळांना लहानपणापासून शेंगदाणा खाऊ घातल्याने ॲलर्जी खूप कमी झाली. थोडक्यात, जे तोंडातून आत जाते त्याच्याशी शरीर मैत्री करते, आणि जे तुटलेल्या त्वचेतून जाते त्याला शत्रू मानते. तिळाची ॲलर्जी तर इथे इतकी दिसते की २०२३ पासून अमेरिकेत तिळाची गणना मुख्य ॲलर्जीकारकांत होऊन वेष्टनावर त्याचा उल्लेख सक्तीचा झाला. अशा बाळांना घरचे काहीही न लावता डॉक्टरांनी सांगितलेले सुगंधरहित क्रीम किंवा साधे व्हॅसलीन लावावे. हा लेख त्यांच्यासाठी नाही.

लावायचे कसे? अंघोळ कोमट पाण्याने, पाच ते दहा मिनिटे. साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना. टॉवेलने अंग टिपायचे, घासायचे नाही, आणि तीन मिनिटांच्या आत मलम लावायचे. म्हणजे इथे अभ्यंगाचा क्रम उलटा: आधी पाणी, मग तेल. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान मात्र पहाटे उठून रीतीप्रमाणेच करा, फक्त ज्येष्ठांच्या टबात रबरी मॅट घाला. तेलकट टबात घसरून मोडलेले खुबे मी पाहिले आहेत. मधुमेह्यांनी पायांच्या बोटांच्या बेचक्यांत मलम लावू नये, तिथे ओल राहून बुरशी होते. आईच्या बेचक्यांतही तीच होती, आणि तीही मी पाहिली नव्हती.

दोन आठवडे नीट लावूनही खाज गेली नाही, किंवा पुरळ नसतानाच सर्वांगाला खाज सुटते, तर डॉक्टरकडे जा. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, लोहाची कमतरता, एखादे नवे औषध, क्वचित रक्ताचे आजार, असे बरेच काही त्या खाजेमागे असू शकते. घरात दोघा-तिघांना रात्री खाज सुटत असेल तर आधी खरूज आठवा. आणि लाल, गरम, दुखरा पाय व ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा.

शेवटी पणत्यांविषयी. मलमे कपड्यांत मुरतात आणि तसे कापड झटकन पेट घेते. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०१८ साली पॅराफिन असलेल्या आणि नसलेल्या, अशा दोन्ही मलमांबद्दल यावरून खास इशारा दिला आहे. धुतल्यावरही ते पुरते जात नाही. मलम लावलेल्या हातांनी पणत्या लावू नका, ओढणी आवरा. तेलकट टॉवेल ड्रायरमधून काढून गरम गरम ढीग करून ठेवू नका, ते आपोआप पेटू शकतात.

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात माझ्याकडे कोकममलमाच्या तीस छोट्या डब्या असतील, फराळाच्या टेबलाशेजारी. प्रत्येकीवर केल्याची तारीख आणि आतले पदार्थ मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेले आहेत. लोशन आणणार नाही, ते ज्याचे त्याने करावे. आणि ज्यांचे आई-वडील सध्या इथे आले आहेत त्यांनी डबी नेली तर आज रात्री स्वतः त्यांच्या पायांना लावावी, पायमोजे काढून, दिव्याच्या उजेडात.